कानवालीचा अंदाज

गाडी अजून वळणावर असायची, वर्कशॉपच्या दारातून दिसायचीही नाही, आणि आत गिअरबॉक्स उघडून बसलेली बाई मान वर न करता सांगायची, "तिसऱ्या गिअरचे दात गेलेत. आणि सायलेन्सरचा बोल्ट सैल आहे." गाडी दारात येऊन थांबायची, उघडली जायची, आणि तसंच निघायचं. म्हणून तिला सगळे कानवाली म्हणायचे. आधी चेष्टेत, मग आदरानं, मग नुसतंच सवयीनं. नवरासुद्धा. तो बाहेरच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि आत हाक मारायचा, "कानवाले, जरा ऐकून जा गं!"

ऐकून जा, हे तिला हल्ली नकोसं झालं होतं.

कधी सुरू झालं ते तिला सांगता आलं नसतं. कपड्यांचं मशीन धुणं संपल्यावर पीं पीं करतं. एका दुपारी नवरा म्हणाला, "अगं, किती वेळ ओरडतंय ते, बंद कर की." ती मशीनच्या शेजारीच उभी होती. मग ताप मोजायचं यंत्र वाजेना. बिघडलं म्हणून तिनं ते टाकून दिलं, आणि नवं आणलं तर तेही वाजेना. माणसांचं बोलणं नीट ऐकू यायचं, इंजिनाची घरघर यायची, हातोडा यायचा. फक्त बारीक, उंच आवाज जगातून कुणीतरी वेचून काढल्यासारखे नाहीसे झाले होते. आणि गाडीचं दुखणं बहुतेक वेळा त्याच पट्टीत बोलतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. अनुभव दांडगा होता, हाताला थरथर कळायची, गिऱ्हाईक बोलता बोलता निम्मं सांगून टाकायचं, उरलेलं अंदाजानं निभायचं. निभतंय तोवर कशाला बोभाटा, असं ती स्वतःला समजवायची.

तिचा धाकटा दीर दंतवैद्यांना कवळ्या बनवून द्यायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं. त्यावर मेणाचे जबडे मांडलेले, आणि हातात पेन्सिलीच्या टोकाएवढ्या पात्याची बारीक सुरी. मेणातला एकेक दात तो असा कोरायचा, की दंतवैद्य अवघड तोंडं मुद्दाम त्याच्याकडे धाडायचे. आणि घराच्या मागच्या शेडमध्ये त्यानं गाडी बांधायला घेतली होती. इंजिन एका मालवाहू व्हॅनचं, गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा, खुर्च्या तिसरीच्या, दिवे मोटरसायकलचे. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. तिनं बारसं आधीच उरकून टाकलं होतं. "गाडी कुठली? गाठोडं आहे ते," ती म्हणायची. तेव्हापासून गाठोडंच.

गिअरबॉक्स कानवालीनंच दिला होता. वर्कशॉपमध्ये पडून होता, तिनं तो उघडून, बेअरिंगं बदलून, स्वच्छ करून दिराच्या हवाली केला. तो या इंजिनाला बसेना, म्हणून दिरानं मध्ये घालायला अॅल्युमिनियमची जाड प्लेट स्वतः कापली, भोकं पाडली आणि दोघांचं लग्न लावून दिलं.

गाठोडं पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्यानं सगळ्यात आधी वहिनीला बोलावलं. ती हात पुसत शेडमध्ये गेली. जाऊ ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, दीर गाडीशेजारी उकिडवा बसला होता.

"वहिनी, क्लच दाबला की एक आवाज होतोय. ऐका हं." त्यानं बायकोला खूण केली. तिनं पेडल दाबलं.

कानवालीला इंजिन ऐकू आलं. जाड, एकसारखं, बरं चाललेलं इंजिन. बाकी काही नाही. तिनं दिराच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे बारीक झाले, दात आंबल्यासारखे ओठ ताणले गेले. म्हणजे आत्ता होतोय. तिनंही कपाळाला आठी घातली आणि मान डोलावली.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"काय आहे?"

एवढंच विचारायचं होतं की, कसा आहे, केव्हा सुरू होतो, थांबतो केव्हा. गिअर टाकलेला असताना होतो की न टाकताही. पण ऐकलेलं माणूस असं विचारत नाही. "क्लचचं बेअरिंग," ती म्हणाली. "दाबल्यावर होतोय म्हणजे तेच. बदलून टाका."

दिराचा चेहरा उजळला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "मी आठवडाभर डोकं फोडतोय, आणि वहिनींना एका दमात कळलं!"

घरी जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अंदाज काही उगाच फेकलेला नव्हता. दाबल्यावर होणारा आवाज बहुतेक वेळा त्या बेअरिंगचाच असतो. तिनं मनाला तेवढ्यावर गप्प केलं.

बेअरिंग बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दिरानं तो एकट्यानं उतरवला, बेअरिंग बदललं, पुन्हा चढवला. मग त्याचा फोन आला. वर्कशॉपमध्ये दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती.

"वहिनी, आवाज तसाच आहे हो. आता तर माझं डोकंच चालेनासं झालंय, कधी दाबल्यावर वाटतो, कधी सोडल्यावरही वाटतो. रविवारी याल का? निवांत ऐका एकदा."

रविवारी तिला काहीही काम नव्हतं. "रविवारी नाही जमायचं, भाऊजी," ती म्हणाली. "एक गाडी द्यायची आहे." आणि मग समोरची गिऱ्हाइकं ऐकताहेत म्हणून, आणि हा विषय संपावा म्हणून, ती म्हणाली, "गिअरबॉक्सच्या तोंडाचं बेअरिंग बघा. मीच टाकलेलं आहे, पण खराब निघालं असेल."

बोलता बोलताच तिला कळलं होतं की हे जुळत नाही. तोंडाचं बेअरिंग पेडल सोडलेलं असताना वाजतं, आणि दाबलं की गप्प होतं. पहिल्या दिवशी तर आवाज दाबल्यावर होत होता, तिनं दिराच्या चेहऱ्यावर पाहिला होता. फोन ठेवल्यावर परत लावून सांगावं असं एकदा मनात आलं. समोरचा माणूस म्हणाला, "बाई, आमचं काय?" आणि ती त्याच्याकडे वळली.

रविवारी दुपारी ती घरात कपाट आवरत होती. आवरण्यासारखं त्यात काही नव्हतं. फोन नवऱ्यानं घेतला. तो "कुठल्या दवाखान्यात?" म्हणाला तेव्हा तिच्या हातातली चादर तशीच हातात राहिली.

गिअरबॉक्स जॅकवरून घसरला होता. दीर गाडीखाली झोपून तो एकट्यानं खाली घेत होता. जॅकवरची फळी कलली आणि ते धूड आडवं सरकलं. ते सावरायला त्यानं उजवा हात घातला. गिअरबॉक्स आणि सांगाड्याचा पाइप यांच्यामध्ये त्याची तर्जनी सापडली.

हाडात सळई घालून बोट बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं, पण पुढचे दोन्ही सांधे आता वाकायचे नाहीत.

दीर पलंगावर उशीला टेकून बसला होता, बोट पांढऱ्या पट्ट्यांत ताठ उभं. वहिनीला बघून तो हसला. "या, या. आता कुणाकडे बोट दाखवायचं म्हटलं तरी पंचाईत झाली बघा."

नवरा मोठ्यानं हसला. कानवाली पलंगाच्या कडेला उभी राहून चादरीची सुरकुती सरळ करत राहिली. आत्ता सांगावं, आत्ता, असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं. तेवढ्यात नर्स आली, मग शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं नवऱ्याशी गप्पा सुरू केल्या, आणि तिनं तेवढीच सबब धरली.

जाऊ तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. तिच्या कपड्यांना अजून काळं तेल लागलेलं होतं. "त्या बोटानंच सुरी धरतात हो हे," ती म्हणाली. "दाबायला तेच बोट लागतं. आता कसं करणार कुणास ठाऊक." मग नाक पुसून ती पुढे म्हणाली, "आणि अजूनही काय म्हणतात माहितीय? वहिनींचा कान चुकणार नाही, मीच बसवताना काहीतरी घोळ घातला असणार. बरं झालं ताई, निदान तुम्ही आहात. नाहीतर हे एकटे किती चाचपडत बसले असते."

कानवाली म्हणाली, "मी पाणी आणते." आणि जिन्यापर्यंत जाऊन तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

घरी तिला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "इतकं काय मनाला लावून घेतेस? यंत्राशी खेळायचं म्हटलं की लागतंच."

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"बारीक आवाज. बरेच दिवस झाले. गाठोड्याचा आवाज मी ऐकलाच नाही. दोन्ही वेळा ठोकून दिलं."

नवरा हळूच म्हणाला, "मला वाटायचं, माझ्याच हाकेला तू मुद्दाम ओ देत नाहीस." दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती यावर हसली असती. "त्याला सांगायला लागेल," तो म्हणाला.

"सांगते."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू आलास तर तूच बोलत बसशील."

दीर घरी आल्यावर ती गेली. तो शेडमध्येच होता, उलट्या खोक्यावर बसलेला, हात गळ्यात बांधलेला. गिअरबॉक्स पडला होता तिथंच पडून होता. त्याला हात लावायला कुणी धजावलं नव्हतं.

"बसा वहिनी. बघा, नवराबायको वेगळे होऊन बसलेत," तो इंजिन आणि गिअरबॉक्सकडे बघत म्हणाला.

ती बसली नाही. बसली असती तर उठून गेली असती, अशी तिला स्वतःचीच भीती वाटत होती. "भाऊजी, त्या दिवशी मला आवाज आला नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी. तुम्ही विचारलंत ऐकलंत का, मी हो म्हटलं. नव्हतं ऐकलं. माझे कान गेलेत, बारीक आवाज कळत नाहीत. बेअरिंग म्हणाले तो अंदाज होता. आणि दुसऱ्यांदा फोनवर म्हणाले तो अंदाजसुद्धा नव्हता. खोटंच होतं. रविवारीही मला काही काम नव्हतं."

दीर तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला. कळत गेलं तसा त्याच्या तोंडावरचा तो नेहमीचा चेष्टेखोर भाव उतरत गेला. इतक्या वर्षांत तिनं त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

"दोनदा उतरवला मी," तो म्हणाला. "दोनदा, वहिनी."

"हो."

"एक शब्द विचारायचा होता. केव्हा होतो, कसा होतो. मी सांगितलं नसतं का? मला तर हौस होती ते सांगायची!" त्याचा आवाज चढला. "माझं पोट त्या बोटावर चालतं. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग?"

लोक कानवाली म्हणतात, हे उत्तर तिथं उच्चारायचीही तिला लाज वाटली.

दारात कप वाजले. जाऊ चहा घेऊन उभी होती, आणि केव्हापासून उभी होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं दोन्ही कप गाठोड्याच्या पत्र्यावर ठेवले. "मी तिथं दवाखान्यात तुमचं कौतुक करत होते, ताई," ती म्हणाली. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत." आणि आत निघून गेली.

चहावर साय धरली. शेवटी कानवाली खाली गुडघ्यांवर बसली आणि पडलेल्या गिअरबॉक्सला हात लावून म्हणाली, "तुम्ही जा म्हणालात तर जाते. पण जायच्या आधी मला आता विचारू द्या. जे तेव्हा विचारलं नाही ते."

दीर नाही म्हणाला नाही, एवढंच.

"गिअर न टाकता, पेडल नुसतं टेकवलं, पाव भाग दाबलं, तर आवाज होत होता?"

त्यानं नाखुशीनं आठवलं. "नाही... बहुतेक नाही. मी खाली असायचो. पेडल ही दाबायची."

"पूर्ण दाबल्यावर?"

"हो. चीं करून."

"लगेच?"

"लगेच... म्हणजे..."

"लगेच नाही." खिडकीतून आवाज आला. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडत होती, आणि जाऊ गजांशी उभी होती. चेहरा अजून दगडासारखाच. पण नवरा चुकीचं सांगतोय हे तिला सोसवेना. "पूर्ण दाबलं की आधी काहीच नाही. मग खर्र, खर्र, आणि मग चींईई. जसं काही आत कुणीतरी फिरता फिरता दमून थांबतंय आणि थांबताना रडतंय. पाय काढला की एकदम बंद."

रोज पोरांना कावळा, गाय, रेल्वे करून दाखवणारं तिचं तोंड. आवाज असा काढला की दीर दचकून इंजिनाकडे बघायला लागला. कानवालीला त्यातली खर्र ऐकू आली, चींच्या जागी नुसता श्वास.

"आणि पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला तर?"

"तर थांबायचं नाव नाही. टाकल्या टाकल्या चींच. सारखी."

कानवालीनं डोळे मिटले. इतकं स्वच्छ होतं. पेडल दाबलं की इंजिन फिरत राहतं आणि गिअरबॉक्सचा दांडा थांबतो. त्या दांड्याचं टोक इंजिनाच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, मधोमध एका छोट्या पितळी बुशमध्ये टेकलेलं असतं. दांडा थांबला आणि चाक फिरत राहिलं की बुश दांड्यावर घासायला लागतो. दांडा पुरता थांबल्याशिवाय तो ओरडत नाही. गिअर टाकला की दांडा लगेच थांबतो, म्हणून आवाजही लगेच. क्लचच्या बेअरिंगचा असता तर पेडल टेकवताच झाला असता.

"टॉर्च आहे?" तिनं विचारलं.

खिडकीतूनच टॉर्च पुढे आला. कानवालीनं इंजिनाकडे सरकून क्लचच्या मधल्या भोकातून उजेड टाकला. बुशच्या कडेला पिवळी धूळ साचली होती, आणि भोक गोल राहिलं नव्हतं. एका अंगानं खाल्लं जाऊन अंड्यासारखं झालं होतं. दिराला वाकून बघता यावं म्हणून ती बाजूला झाली. दोन वेळा उतरवूनही त्यानं तिथं पाहिलं नव्हतं. वहिनींनी सांगितलेल्या जागीच तो बघत राहिला होता.

एकाच अंगानं घासलंय म्हणजे दांडा मधोमध बसलेला नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमधलं काट्याचं माप घेऊन आली, प्लेटवर लावून इंजिन हातानं फिरवलं, आणि काट्यानं उत्तर दिलं. प्लेटची भोकं किंचित सरकलेली होती. दिरानं ती नजरेच्या अंदाजानं पाडली होती.

"म्हणजे चूक माझीच निघाली," दीर म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात थोडं हसू होतं. "सुटलात तुम्ही."

"प्लेट तुमची चुकली," ती म्हणाली. "बोट माझ्यामुळं गेलं. त्या दोन गोष्टी एकत्र करू नका, भाऊजी."

त्यानं वाद घातला नाही. घातला असता तर बरं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचीही शरम वाटली.

नवी प्लेट तिनं लेथवर करून घेतली, जागा हलू नये म्हणून तिला दोन पक्क्या खिळी बसवल्या, नवा बुश तेलात मुरवून ठोकला. गिअरबॉक्स तिनं आणि नवऱ्यानं मिळून चढवला. दीर खोक्यावर बसून डाव्या हातानं दिशा दाखवत होता. जाऊ चहा आणायची आणि कप ठेवून जायची. "ताई" म्हणायची, पण कामापुरतं.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं आणि हेडफोन लावून, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले. ती बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आवाज सुरू होऊन गेलेले असणार. कानात घालायची यंत्रं मिळाली. त्यांनी बरंच परत आलं, पण पूर्वीसारखं नाही. सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं यायचं. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ती आता आधीच सांगायची, "मला सगळं ऐकू येत नाही, तुम्ही बसा आणि नीट सांगा." काही जण दुसरीकडे गेले. तिला कानवाली म्हणणं कुणी सोडलं नाही, आणि दर वेळी ती थोडी आकसायची.

दिराचं बोट ताठच राहिलं. सुरी तो आता अंगठा आणि मधल्या बोटात धरायचा. दाढा जमायच्या. पुढचे दात मात्र पूर्वीसारखे उतरत नव्हते, आणि अवघड तोंडं येईनाशी झाली. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. जावेनं एकदा दाखवलं, आणि कानवालीनं ते खाली मान घालून ऐकलं.

गाठोडं रस्त्यावर आलं तेव्हा सकाळ होती. दोनच सीटा. दिरानं बायकोला बोलावलं, तर ती म्हणाली, "आधी त्यांना न्या. त्यांनी बसवलंय, पडलं तर त्यांच्याबरोबरच पडू दे." बोलणं तिरकंच होतं, पण दार तिनंच उघडून धरलं.

कानवाली बसली. दिरानं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. काही झालं नाही. गाडी हलली, गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर जायचा आणि उजवा स्टिअरिंगवर राहायचा. त्याची चार बोटं चाकावर वळायची आणि तर्जनी तशीच सरळ, काचेकडे रोखलेली राहायची. तिला वाटलं, आपण बाहेर बघावं. तिला बघता येईना.

"चांगली चाललीय नाही?" दीर म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "चांगली चाललीय."

पाण्याच्या टाकीपर्यंत ते गेले. पेट्रोल कमी होतं, म्हणून तिथूनच त्यानं गाडी वळवली.